पंपाच्या मोबाईल ऑटोला रेडिओ लहरींचा त्रास : बोर्डाला शिल्ड (लहर अडवणारा धातूचा डबा) बसवण्याची सगळी वाट

चोपडा तालुक्यातले एक केळीवाले नाना त्यांचा मोबाईल ऑटो (फोनवरून पंपाची मोटर चालवणारा बोर्ड) घेऊन माझ्याकडे तीन वेळा आले. तक्रार एकच : "रातले मी फोन लावस नि मोटर बंद पडी जास, भाऊ." तिन्ही वेळा मी तो जळगावात टेबलावर लावून पाहिला, तिन्ही वेळा तो सुरळीत चालला आणि तिन्ही वेळा मी तसाच परत दिला. बोर्ड माझ्याच हातचा होता. चौथ्या वेळी मी त्यांच्या मळ्यात जाऊन बसलो. रात्रीची लाइट आली, मोटर सुरू झाली, नानांनी खात्रीसाठी बांधावरून फोन लावला आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला कॉन्टॅक्टर (मोटरची लाइट जोडणारा-तोडणारा स्विच) खट्‌कन सुटला. मोटर चालू आहे का हे विचारणारा फोनच मोटर बंद करत होता.

कारण कळायला मला पुढे बरेच दिवस गेले. ऑटोमधलं जीएसएम मॉड्यूल (सिम घातलेला, मोबाईलसारखा भाग) टॉवर जवळ असला की हळू बोलतं आणि टॉवर लांब असला की पूर्ण ताकदीने ओरडतं. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही ताकद २ वॉटपर्यंत जाते. जळगावात टॉवर डोक्यावर, तापीकाठच्या मळ्यात तो कोसभर दूर. माझ्या टेबलावर मॉड्यूल कधी ओरडलंच नव्हतं. मळ्यात ते ओरडलं, की मोटरचा करंट मोजणाऱ्या सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) वायर ती लहर पकडायची, ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) आत तिचं डीसी व्हायचं, आणि बोर्डाला वाटायचं की करंट कमी झाला, विहीर कोरडी पडली. ड्राय-रन म्हणून तो मोटर तोडायचा. सीटीची वायर होती साधारण ८ सेंटिमीटर. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर आणि तिचा चौथा हिस्सा ८ सेंटिमीटर. मी नकळत अगदी मापाची अँटेना लावून ठेवली होती.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून ऑटो, ठिबकचे कंट्रोलर, टाकीचे लेव्हल बोर्ड बनवायला आणि दुरुस्त करायला लागलेल्या मुलांसाठी हे लिहितोय. यातली प्रत्येक चूक मी केलेली आहे. तुमचा वेळ आणि शेतकऱ्याचं बारं (पाणी भरायची पाळी), दोन्ही वाचावं.

हाताशी काय हवं

मल्टीमीटर, जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न (६० वॉटचं, बारीक टोक इथे चालत नाही), फ्लक्स, पत्रा कापायची कात्री, काच पेपर, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, करंट न नेणारी). कथिल चढवलेला ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा पत्रा. कंडक्टिव्ह गोंद असलेली तांब्याची टेप. ३३ आणि १० पिकोफॅरॅडचे एसएमडी (बोर्डावर थेट चिकटणारे, बिनपायाचे) कॅपॅसिटर, फेराइट बीड (लहर अडवणारा मणी), वायरवर चढवायचे क्लिपवाले फेराइट. जाळीदार शिल्ड असलेली वायर. अँटेनासाठी एसएमए कनेक्टर आणि तीनेक मीटरची केबल. जमलं तर संगणकाला लागणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणारा). नसेल तर जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर रेडिओ घरात कुठेतरी असतोच, तो काढा.

आणि एक मेलेला मोबाईल. गोलाणी मार्केटात मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असे बोर्ड पडलेले असतात, एक मागून आणा. त्यावरच्या पत्र्याच्या छोट्या डब्या नीट बघा : डबी बोर्डाला कुठे कुठे टेकली आहे, दोन टेकूंमध्ये अंतर किती आहे. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला तिथेच दिसेल.

१. दोष खरंच रेडिओ लहरींचा आहे का, ते आधी ठरवा

इथे घाई केली की सगळं चुकतं. सारखीच लक्षणं देणारी तीन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं, सप्लाय दबणं. जीएसएम मॉड्यूल सलग बोलत नाही, दर ४.६ मिलिसेकंदांनी एक छोटा झटका देतं, सेकंदाला साधारण २१७ झटके. पूर्वी टेपरेकॉर्डरजवळ मोबाईल ठेवला की रिंग वाजायच्या आधी स्पीकर टर्र-टर्र करायचा, तो हाच आवाज. प्रत्येक झटक्याला मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. मल्टीमीटरला हा खड्डा दिसत नाही. मॉड्यूलच्या पायांशी अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरॅडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कॅपॅसिटर लावा. दोष गेला तर शिल्डची गरजच नाही.

दुसरं, कॉन्टॅक्टरची ठिणगी. बोर्ड नेमका मोटर सुरू किंवा बंद होतानाच अडकत असेल तर गुन्हेगार कॉइल आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्टार्टरमध्ये कॉइल ४१५ व्होल्टची असते, म्हणून टीव्हीच्या बोर्डातला एखादा कॅपॅसिटर काढून तिथे लावू नका. कॉइलच्या व्होल्टेजचा तयार सर्ज सप्रेसर मिळतो, तोच लावा.

तिसरं, खरी रेडिओ लहर. याची परीक्षा सोपी आहे. बाकी काहीही न बदलता फक्त अँटेना केबलवर तीन मीटर लांब न्या आणि पुन्हा फोन लावा. दोष गेला किंवा खूप कमी झाला, तर लहर हवेतून येतेय. जसाच्या तसा राहिला, तर ती वायरीतून किंवा सप्लायमधून येतेय आणि तुमचा डबा तिला थांबवणार नाही.

सोलर पंपवाल्यांनी चौथं दुखणंही लक्षात ठेवावं. कुसुम योजनेमुळे २०१९ नंतर गावोगाव सोलर पंप आले आणि त्यांच्या ड्राइव्हमधल्या स्विचिंगची खरखर मोटरच्या लांब केबलवरून दूरपर्यंत पसरते. मध्यम लहरींचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि केबलच्या बाजूने फिरवा. खरखर जिथे वाढते तिथे तुमच्या सेन्सरची वायर समांतर जात असेल, तर आधी ती वायर हलवा. एक हात अंतर वाढवलं की खूप फरक पडतो.

पेटीत काहीही बदलण्याआधी दर वेळी स्टार्टरपेटीचा मेन खाली पाडा. चालू पेटीत हात घालून, वायर धरून "कुठून येतंय" हे बघायचं नाही. मी एकाला असं करताना पाहिलंय आणि नंतर त्याला दवाखान्यातही पाहिलंय.

२. बोर्डावरच जेवढं थांबवता येईल तेवढं थांबवा

डबा हा शेवटचा उपाय आहे. आधी तीन छोट्या गोष्टी करा, पुष्कळदा काम तिथेच संपतं.

ऑप-अँप किंवा मायक्रोकंट्रोलरच्या ज्या पायावर सेन्सर येतो, त्या पायापासून ग्राउंडला ३३ पिकोफॅरॅड लावा, पायापासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत. १८०० मेगाहर्ट्झचा पट्टाही त्रास देत असेल तर शेजारी १० पिकोफॅरॅड. नवीन मुलं म्हणतात, एवढ्याशाने काय होणार, ०.१ मायक्रोफॅरॅड लावू की. पण ९०० मेगाहर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर कॅपॅसिटर राहतच नाही, त्याच्या अंगातलं इंडक्टन्स वरचढ होतं आणि तो कॉइलसारखा वागतो. छोट्या एसएमडी आकारातला ३३ पिकोफॅरॅड नेमका या पट्ट्याच्या आसपास सगळ्यात कमी अडथळा देतो, म्हणून लहर त्यातून ग्राउंडला उतरते.

त्याच्या आधी वायरच्या बाजूला एक फेराइट बीड किंवा १०० ओहम ते १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. बीडच्या पाकिटावर "१०० मेगाहर्ट्झला ६०० ओहम" असं लिहिलेलं असतं, तो आकडा १०० मेगाहर्ट्झचा आहे. ९०० ला किती, ते डेटाशीटच्या आलेखात पाहा. दोन बीड १०० ला सारखे असून ९०० ला निराळे निघतात.

बोर्ड नवीन काढणार असाल तर खालची बाजू अख्खी ग्राउंड ठेवा, तिच्यात आडव्या ट्रॅकने चिरा पाडू नका. जीएसएम मॉड्यूल एका टोकाला, सेन्सरचा भाग दुसऱ्या टोकाला.

३. पत्रा कोणता आणि किती जाड

जाडीची काळजी सोडा. या फ्रीक्वेन्सीला करंट धातूच्या फक्त वरच्या सालीतून वाहतो. ९०० मेगाहर्ट्झला तांब्यात ही साल जेमतेम २.२ मायक्रोमीटर असते. बोर्डावरचं नेहमीचं तांबं ३५ मायक्रोमीटरचं, म्हणजे पंधरापट जाड. पत्रा घ्यायचा तो वाकवता यावा आणि सोल्डर पकडावा म्हणून.

कथिलाचा पत्रा यात सगळ्यात सोयीचा. आजीच्या काळी तांब्याच्या भांड्याला जी कल्हई करायचे, तेच कथिल या पत्र्यावर असतं, म्हणून सोल्डर लगेच बसतं. तुपाचा किंवा पावडरीचा रिकामा डबा कापून चालतो, मात्र त्याच्या आत पिवळसर लॅकर आणि बाहेर रंग असतो. जोडायच्या कडेवरून तो काच पेपरने पूर्ण घासून काढा. अ‍ॅल्युमिनियम लहर छान अडवतं, पण त्याला साधं सोल्डर लागत नाही आणि मग माणूस जुगाड करतो. तो जुगाड कसा फसतो ते पुढच्या पायरीत येतंय.

एक गैरसमज मात्र इथेच काढतो. हा पातळ डबा ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. कॉन्टॅक्टर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीचा त्रास असेल तर बोर्ड तिथून लांब न्या.

४. डबा ग्राउंडला जोडणं : सगळं यश-अपयश इथेच

नानांच्या बोर्डावर मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. स्वयंपाकघरातली फॉइल घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली, बोर्डावर टोपी करून ठेवली आणि बोटभर लांब वायरने एका ठिकाणी ग्राउंडला जोडली. मोटर आधी पाच फोनमागे तीनदा पडायची, आता पाचही वेळा पडू लागली.

कारण साधं गणिताचं आहे. बारीक वायरचं इंडक्टन्स दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री. १ सेंटिमीटर वायर म्हणजे १० नॅनोहेन्री, आणि ९०० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ५६ ओहम. माझी वायर सात-आठ सेंटिमीटरची होती. मल्टीमीटर तिला शून्य ओहम दाखवत होता, पण लहरीच्या नजरेने ती टोपी ग्राउंडला जोडलेलीच नव्हती. ती हवेत लटकलेली दुसरी अँटेना झाली होती.

म्हणून नियम असा की डबा वायरने जोडायचा नाही, कडेने जोडायचा. चारही बाजूंनी.

जुन्या बोर्डावर असं करा. जो भाग झाकायचा त्याच्या भोवती ग्राउंडचं तांबं कुठून जातंय ते शोधा. ब्लेड आडवं धरून त्यावरचा हिरवा थर ३ मिलिमीटर रुंदीत खरवडा, खालून गुलाबी तांबं चकाकलं पाहिजे. त्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ हात फिरवा. मग ८-१० मिलिमीटर उंचीची पत्र्याची पट्टी कोपऱ्यांवर वाकवून त्या रेषेवर कुंपणासारखी उभी करा. आधी फक्त चार कोपरे टिपा, सरळ उभी आहे का बघा, नंतर मधली जागा भरा. आयर्नचं टोक पत्रा आणि तांबं दोन्हीला एकदम टेकवा आणि दोनाचा आकडा मोजेपर्यंत थांबा. सोल्डर गोळी होऊन वर बसलं तर ते चिकटलेलं नाही. ते पाण्यासारखं पसरून पत्र्याच्या पायाशी थोडं वर चढलं पाहिजे. पट्टी सोल्डरची उष्णता ओढून घेते, म्हणूनच जाड टोक सांगितलं.

दोन टिपांमध्ये किती अंतर चालेल? लहरीच्या लांबीच्या विसाव्या हिश्शापेक्षा कमी. बोर्डाच्या फायबरमध्ये लहरीची लांबी हवेतल्यापेक्षा निम्मी होते, तेव्हा ९०० मेगाहर्ट्झला ८ मिलिमीटर आणि १८०० ला ४ मिलिमीटर. मी सरसकट ४ धरतो. नव्या बोर्डात ग्राउंडची वरची कड आणि खालचा अख्खा थर जोडणारे व्हायाही (बोर्डातली आतून तांबं चढवलेली आरपार भोकं) याच अंतराने टाका. व्हाया नसतील तर डब्याला तळच नाही.

वरचं झाकण दाबून बसेल असं करा आणि शेवटची खात्री झाल्यावर त्याचीही कड टिपून टाका. इथे लोक क्षेत्रफळाचा विचार करतात, "केसाएवढी तर फट आहे". पाटाच्या बांधाला उंदराचं एक बीळ पडलं की बांध कितीही रुंद असला तरी पाणी तिथून निघून जातं. फटीचंही तसंच, आणि तिची रुंदी मोजायचीच नसते, लांबी मोजायची असते. साडेसोळा सेंटिमीटर लांबीची केसाएवढी फट ९०० मेगाहर्ट्झला अँटेनाचं काम करते, तर त्याच डब्याला पाडलेली ३ मिलिमीटरची वीस भोकं काही बिघडवत नाहीत.

तांब्याची टेप वापरणार असाल तर आधी दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा आणि मल्टीमीटरने आरपार मोजा. बाजारात बऱ्याच टेपचा गोंद करंट नेत नाही. तशी टेप निघाली तर तिचे सांधेही सोल्डरने टिपावे लागतात.

५. डब्यात शिरणारी प्रत्येक वायर

डबा चांगला झाला आणि सीटीची वायर तशीच आत शिरली, तर लहर त्या वायरवर बसून आरामात आत येते. जी वायर भिंत ओलांडते तिला भिंतीपाशीच थांबवायचं : भिंतीच्या बाहेर फेराइट, आतल्या बाजूला लगेच ३३ पिकोफॅरॅड भिंतीच्या ग्राउंडला. सप्लायची वायर, रिलेची वायर, डिस्प्लेची पट्टी, कोणालाही सूट नाही. बहुतेकजण सेन्सरची वायर सांभाळतात आणि डिस्प्लेची विसरतात.

शिल्डवाली वायर घेतली तर तिची जाळी वळून शेपटी करू नका, वरचाच ५६ ओहमचा हिशोब पुन्हा लागू होतो. जाळी उलटवून, वायरभोवती गोल पसरवून, डब्याच्या भोकाच्या कडेला सगळीकडून सोल्डर करा. दुसऱ्या टोकाला, सेन्सरकडे, जाळी सरळ जोडली तर लांब वायरीत कधीकधी ५० हर्ट्झची गुणगुण येते. तिथे १० नॅनोफॅरॅडचा कॅपॅसिटर मध्ये घालून जोडा, रेडिओ लहरीला वाट मिळते आणि गुणगुणीला मिळत नाही.

६. अँटेना बाहेर

पुष्कळ ऑटोंमध्ये काडीसारखी अँटेना लोखंडी स्टार्टरपेटीच्या आतच असते. पेटी स्वतः शिल्ड आहे, त्यामुळे आतली लहर बाहेर जात नाही, नेटवर्क कमी होतं, मॉड्यूल आणखी जोरात ओरडतं आणि ती सगळी ताकद पेटीतच घुमत राहते. अँटेना पेटीबाहेर काढा, एसएमए कनेक्टर पेटीला बसवताना तिथला रंग आतून खरवडा. चुंबकाच्या बुडाची अँटेना मोटरघराच्या पत्र्यावर ठेवली तर बुडाखालचा पत्राही उपयोगी पडतो.

वायफायच्या मॉड्यूलवर आधीच डबी असते आणि तिच्या बाहेर नागमोडी तांब्याची अँटेना. तिच्यावर शिल्ड चढवू नका, तिच्याखाली ग्राउंडही नको.

रेंज नाही म्हणून मोबाईल बूस्टर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. परवानगीशिवाय बूस्टर किंवा जॅमर बसवणं बेकायदा आहे, आणि आजूबाजूच्या वस्तीचं नेटवर्क बिघडतं ते वेगळंच.

७. डब्याचं माप आणि मे महिना

सगळ्या बोर्डावर एकच मोठा डबा करण्याचा मोह टाळा. रिकामा धातूचा डबा स्वतःच्या मापाने घुमतो. १५ बाय १० सेंटिमीटरचा डबा साधारण १८०० मेगाहर्ट्झला घुमतो, म्हणजे नेमका मोबाईलच्या दुसऱ्या पट्ट्यात. माझ्या हातून असाच एक झाला होता आणि मला वाटत राहिलं की सोल्डर कच्चं आहे. फक्त सेन्सरचा भाग झाकणारी ३ बाय ४ सेंटिमीटरची डबी करा.

उष्णतेचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि उन्हातली पेटी त्याहून कितीतरी तापते. रेग्युलेटर डबीबाहेर ठेवा. हवेला भोकं हवीत तर ३ मिलिमीटरची बरीच पाडा. आत सगळ्यात उंच पार्ट आणि झाकण यांत २-३ मिलिमीटर सोडा, झाकणाला आतून कॅप्टॉन टेप लावा. पत्रा तापून वाकला आणि आतल्या पायाला टेकला तर बोर्ड जातो.

८. तपासणी मळ्यात करा

टेबलावर पास झालेला बोर्ड पास नाही. जिथे रेंज कमी तिथेच तपासा. सेन्सरचा आकडा सिरीयलवर किंवा डिस्प्लेवर सतत दिसेल असा प्रोग्रॅम घाला. मोटर चालू, फोन नाही : दहा आकडे लिहा. मग फोन लावून दहा आकडे लिहा. शिल्डच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. "मोटर पडली नाही" एवढ्यावर थांबू नका, आकडा किती हलला ते बघा, कारण थोडा हलत असेल तर व्होल्टेज कमी असलेल्या रात्री तो हद्द ओलांडतो. आरटीएल-एसडीआर असेल तर ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये मॉड्यूलचे झटके दिसतात. केबलच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं वेटोळं करून बोर्डावर फिरवलं की कुठून गळतंय ते कळतं. १८०० चा पट्टा त्या डोंगलच्या आवाक्यात पूर्ण बसत नाही.

नानांच्या बोर्डावर शिल्डआधी फोन लावला की करंट ९ अँपिअरवरून ५ वर घसरलेला दिसायचा. शेवटच्या डबीनंतर ९.० आणि ८.९. त्यांनी बांधावरून वीस वेळा फोन लावला.

९. विकायचा असेल तर कागद

गावातल्या गावात दुरुस्ती वेगळी, नाव छापून विकणं वेगळं. रेडिओ मॉड्यूल घेतानाच विक्रेत्याकडे त्याच्या मंजुरीचं प्रमाणपत्र मागा, नंतर ते मिळत नाही. लोरा (लांब पल्ल्याचा, कमी ताकदीचा रेडिओ) वापरणार असाल तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचाच घ्या, परदेशी ९१५ चा स्वस्तात मिळाला तरी नको. लॅबमध्ये मोजून घ्यायचं तर नवी मुंबईत खारघरला समीर ही सरकारी संस्था आहे, पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. जाताना दोन नमुने, सर्किट डायग्राम, ब्लॉक डायग्राम, पार्टची यादी, वापरायची माहितीपुस्तिका आणि शेतात लागतात तेवढ्याच लांबीच्या वायरी न्या. छोट्या वायरी लावून मिळालेला निकाल तुमच्याच उपयोगाचा नाही.

१०. पावसाळ्यानंतर

बोर्डावर कोटिंग मारताना झाकण आणि कुंपण टेकतात त्या कडेला टेप लावून ठेवा. कोटिंग तिथे शिरलं तर धातू धातूला भेटत नाही. फवारणीची औषधं आणि खतं मोटरघरातच ठेवलेली असतात, त्यांच्या वाफेने सांधे काळे पडतात, एसएमएच्या आट्यांवर पांढरी बुरशी येते. पोळा झाला की, केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू व्हायच्या आत एकदा पेटी उघडा, सांधे पुसा, झाकणाची टीप कुठे तडकली असेल तर पुन्हा द्या, आणि दहा आकडे पुन्हा लिहा. मागच्या वर्षीचे आकडे पेटीच्या दाराला आतून चिकटवलेले असू द्या.